कळसूबाई : शिखर आणि पायथा

महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कोणतें, असें शाळेंतील लहान मुलास विचारलें तरी तें तत्काळ 'कळसूबाई' असें उत्तर देईल. उंची विचारल्यास १,६४६ मीटर, म्हणजे सुमारें ५,४०० फूट, हेंही कदाचित् सांगेल. परंतु या शिखराच्या पायथ्याशीं कोणतीं गांवें आहेत, तेथें कोण राहतात, काय पेरतात, आणि शिखरावर पडलेल्या पावसाचें पाणी शेवटीं कोणाच्या शेतांत जातें, असें विचारलें तर मुलाचे आईबापही बहुधा निरुत्तर होतील. आमचें भूगोलाचें ज्ञान शिखरापाशीं थांबतें. प्रस्तुत लेखांत शिखराबरोबर पायथ्याचाही परिचय वाचकांस करून देण्याचा विचार आहे. कारण कळसूबाईकडून आपण सर्व जण जें घेतों, तें शिखरावरून नव्हे, तर पायथ्यावरून घेतों, आणि तें घेतांना देणाऱ्याची आठवण आपणांस क्वचितच राहते.

स्थान आणि घडण

सह्याद्रीची मुख्य रांग दक्षिणोत्तर जाते हें सर्वांस ठाऊक आहे. या रांगेपासून पूर्वेकडे ठिकठिकाणीं फांटे फुटले आहेत. कळसूबाईची रांग हा त्यांपैकींच एक फांटा असून तो मुख्य रांगेशीं जवळजवळ काटकोन करून पूर्वेस जातो. त्याच्या उत्तरेस नाशिक जिल्ह्यांतील इगतपुरी तालुका व दक्षिणेस अकोले तालुका आहे. हें अकोले म्हणजे वऱ्हाडांतील अकोला नव्हे. ज्या जिल्ह्यास पूर्वीं अहमदनगर म्हणत व २०२४ सालीं ज्याचें नांव अहिल्यानगर झालें, त्या जिल्ह्याच्या अगदीं पश्चिम टोंकाचा हा तालुका होय.

सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूगर्भांतील शिलारस भेगांवाटे वर येऊन दूरवर पसरला, थिजला, त्यावर पुन्हां नवा थर आला, आणि असे थरांवर थर बसून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. पुढें लक्षावधि पावसाळ्यांनीं व नद्यांनीं तो कोरून काढला. मऊ थर लवकर झिजले, कठीण थर टिकले. म्हणूनच या डोंगरांच्या अंगावर एकावर एक पायऱ्या रचल्यासारख्या दिसतात. कळसूबाईचें टोंक म्हणजे भोंवतालचें सारें वाहून गेल्यावर मागें उरलेला अवशेष आहे. जें वाहून गेलें, त्याचीच काळी माती होऊन खालच्या नदीकांठांवर पसरली.

शिखरावरून आकाश निरभ्र असतां जें दृश्य दिसतें, त्यांत महाराष्ट्राच्या इतिहासाचीं कित्येक पानें एकदम उलगडतात. पश्चिमेस अलंग, मदन व कुलंग हे तीन दुर्गम गड एकमेकांना खेटून उभे आहेत. नैर्ऋत्येस रतनगड आहे व त्याच्या माथ्यावरील खडकास आरपार पडलेलें 'नेढें' प्रसिद्ध आहे. दक्षिणेस दूरवर हरिश्चंद्रगडाचा विस्तार दिसतो. तेथील केदारेश्वराच्या गुहेंत थंड पाण्याच्या मधोमध शिवलिंग आहे, आणि सभोंवतींच्या चार खांबांपैकीं एकच आज उभा आहे. पूर्वेस पट्टा, औंढा व बितनगड. यांतील पट्ट्यास विश्रामगड हें नांव पडलें, कारण १६७९ सालीं जालन्याच्या स्वारीवरून परततांना शिवाजीमहाराजांनीं तेथें विसांवा घेतला होता. उत्तरेस अंजनेरी व त्र्यंबक यांचे डोंगर आहेत.

आश्चर्य हें कीं, इतक्या गडकोटांच्या मध्यें उभ्या असलेल्या या सर्वांत उंच शिखरावर मात्र ना तट आहे, ना बुरूज. माथा इतका अरुंद कीं तेथें शिबंदी राहणें शक्य नव्हतें. तेथें एका मुलीचें लहानसें देऊळ तेवढें आहे.

चढण

शिखराकडे जाण्याची नेहमींची वाट बारी या गांवांतून निघते. मुंबईहून येणाऱ्यानें इगतपुरी व घोटीवरून यावें. पुणेंकरांस संगमनेर, अकोले व राजूर हा मार्ग सोईचा आहे. प्रथम भाताच्या खाचरांच्या बांधांवरून वाट जाते, मग झुडपांतून उभा चढ लागतो. जेथें कातळ सरळ उभा राहतो, तेथें लोखंडी शिड्या बसविल्या आहेत. पूर्वीं या ठिकाणीं खडकांतील खोबणींचाच काय तो आधार असे. आजही एखादी वृद्ध कोळीण अनवाणी पायांनीं, डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन या शिड्या चढतांना पाहिली, म्हणजे आपल्या दम लागलेल्या छातीची आपणांसच लाज वाटते.

शेवटच्या टप्प्याच्या अलीकडे एक विहीर आहे. एवढ्या उंचीवर पाणी कसें, असा प्रश्न पडतो. याचें कारण वर सांगितलेल्या थरांतच आहे. वरच्या भेगाळ खडकांतून झिरपलेलें पाणी खालच्या कठीण थरावर अडतें व वाट मिळेल तेथें बाहेर पडतें. सह्याद्रींतील किल्ल्यांवरचीं टांकीं व झरे याच न्यायानें जिवंत राहिले.

नवरात्रांत येथें यात्रा भरते. भोंवतालच्या गांवांतील बायामाणसें, लेंकुरें, म्हातारींकोतारीं पहांटेपासून चढूं लागतात. देऊळ इतकें लहान कीं चारपांच माणसांवर आंत मावत नाहींत; परंतु त्या दिवसांत सारा माथा हेंच देवीचें मंदिर होतें.

कळसूची अट

देवीची कथा आमच्या वाचकभगिनींनीं अवश्य ऐकण्यासारखी आहे. पुराणांत ती नाहीं. कोळ्यांच्या ओंठीं आहे.

कळसू नांवाची एक कोळ्याची पोर होती. तिला रानांत हिंडण्याचा फार नाद. हिंडतां हिंडतां ती डोंगराच्या पायथ्याशीं इंदोरे गांवीं आली आणि एका कोळ्याच्या घरीं चाकरीस राहिली. राहण्यापूर्वीं तिनें एक अट घातली : मी सांगाल तें काम करीन, मात्र मला भांडीं घासावयास आणि केर काढावयास सांगूं नये. घरच्यांनीं अट मान्य केली. कांहीं काळ सर्व सुरळीत चाललें. एके दिवशीं घरांत पाहुणे आले, कामाची धांदल उडाली, आणि त्या गडबडींत तिला भांडीं घासावयास व केर लोटावयास सांगण्यांत आलें. कळसूनें तोंडांतून शब्द काढला नाहीं. भांडीं घासलीं, केर काढला, आणि सरळ डोंगराची वाट धरली. ती पुन्हां खालीं आली नाहीं. माथ्यावरच राहिली व तेथेंच तिनें देह ठेवला. जेथें तिनें भांडीं घासलीं त्या जागेस थाळेमेळ म्हणतात.

देवी म्हटली म्हणजे राक्षसाचा वध, शस्त्रें, सिंहावर आसन, असें चित्र आपल्या डोळ्यांपुढें येतें. या देवीनें कोणास मारलें नाहीं, कोणास शाप दिला नाहीं. तिनें केवळ दिलेल्या शब्दाची आठवण ठेवली आणि ज्यांनीं ती ठेवली नाहीं त्यांचें घर सोडलें. पाहुण्यांच्या गडबडींत मोडलेली एक साधी अट, एवढाच या कथेंतील अपराध. आपल्या घरीं कामास येणाऱ्या बाईशीं आपण बोलीपेक्षां कितीदां अधिक काम घेतों, आणि तें घेतांना 'आजच्या दिवस' हा शब्द कितीदां उच्चारतों, याचा विचार प्रत्येक गृहिणीनें मनाशीं करावा. कळसूच्या मालकिणीनेंही बहुधा 'आजच्या दिवस' असेंच म्हटलें असेल.

परंतु ही कथा एका घरापुरती नाहीं. ज्या डोंगरावर कळसू गेली, तो डोंगर आज लक्षावधि लोकांची चाकरी करीत आहे. त्याची अट कोणी विचारली काय, हें आतां पाहूं.

पाण्याची वाट

कळसूबाईच्या रांगेवर पडणारें पाणी दोन बाजूंस वांटलें जातें. उत्तरेचें दारणेंत जातें, दक्षिणेचें प्रवरेंत. दारणा व प्रवरा या दोन्ही नद्या शेवटीं गोदावरीसच मिळतात. स्नानाच्या वेळीं गोदावरीचें नांव घेणारांपैकीं किती जणांस ठाऊक असेल कीं, त्या नांवांत कळसूबाईच्या दोन्ही उतारांचें पाणी मिसळलेलें आहे?

प्रवरेचा उगम रतनगडाच्या परिसरांत होतो. गडाच्या पायथ्याशीं रतनवाडी हें लहानसें गांव व तेथें अमृतेश्वराचें प्राचीन मंदिर आहे. काळ्या पाषाणांतील त्याचें कोरीव काम पाहून मनुष्य थक्क होतो; जवळच कोनाड्यांनीं सजविलेली पुष्करिणी आहे. शिलाहारवंशीय झंझ राजानें बारा नद्यांच्या उगमांशीं बारा शिवालयें बांधलीं, त्यांतील हें एक, अशी परंपरा सांगते. ती अक्षरशः खरी असो वा नसो, तींतील भाव ध्यानांत घेण्याजोगा आहे. नदी जेथें जन्मते ती जागा पवित्र मानून जपली पाहिजे, हें त्या काळच्या लोकांस कळत होतें.

रतनवाडीहून जवळच साम्रद गांव आहे. तेथें जमिनीस एक प्रचंड भेग पडली असून तिला सांधण म्हणतात. दोन्ही बाजूंस शेंकडों फूट उंच कातळ, मधली वाट कोठें कोठें इतकी चिंचोळी कीं हात पसरले तर दोन्ही भिंतींस लागावे. तळाशीं सूर्यप्रकाश जेमतेम पोंचतो. पलीकडे घाटघरास सह्याद्रीची कड एकाएकीं तुटते आणि खालीं कोंकण दिसूं लागतें. पावसाळ्यांत समुद्रावरून येणारे ढग प्रथम या कड्यावर आपटतात व येथेंच रिते होतात. म्हणून घाटघर व रतनवाडी यांची गणना महाराष्ट्रांतील अति पावसाच्या ठिकाणांत होते. वर्षाकांठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस तेथें सामान्य मानला जातो. तेथून पूर्वेस थोडे कोस गेलें कीं तोच पाऊस झपाट्यानें घटतो, आणि संगमनेर-राहत्याच्या बाजूस तो पांचशे मिलिमीटरांच्या आसपास येऊन ठेपतो.

प्रवरा पुढें रंधा येथें दीडशें फुटांहून खोल घळईंत उडी घेते. पावसाळ्यांतील तो धबधबा पाहतांना व त्याचा घोष ऐकतांना शेजारी उभ्या असलेल्या माणसाचें बोलणें कानीं पडत नाहीं. तेथून ती अकोल्यास येते. गांवाजवळ नदीकांठीं अगस्तिऋषींचा आश्रम दाखवितात. पुढें संगमनेर, आणि त्याही पुढें नेवासें. याच प्रवरेच्या तीरावर १२९० सालीं ज्ञानेश्वरी सांगितली गेली. आपल्या भाषेंतील सर्वांत थोर ग्रंथ ज्या नदीच्या कांठीं जन्मला, त्या नदीचें पहिलें ओंजळभर पाणी ज्या डोंगरांतून येतें, ते डोंगर म्हणजे हेच.

धरणें

इंग्रजी अमदानींत पूर्वेकडील दुष्काळी तालुक्यांस पाणी देण्यासाठीं प्रवरेवर भंडारदरा येथें धरण बांधावयाचें ठरलें. १९१० सालीं काम सुरू झालें व १९२६ च्या डिसेंबरांत मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. दगडी बांधणीचें हें धरण सुमारें ८२ मीटर उंच आहे. त्या काळीं हिंदुस्थानांतील अत्यंत उंच धरणांत त्याची गणना होत असे. जलाशयांत सुमारें ११ अब्ज घनफूट पाणी मावतें. उत्तरेकडे दारणेवर त्यापूर्वींच, १९१६ सालीं, धरण झालें होतें. अशा रीतीनें कळसूबाईच्या दोन्ही कुशींस एक एक तलाव आला.

भंडारदऱ्याच्या पाण्यानें खालच्या मुलुखाचें रूप पालटलें यांत शंका नाहीं. ज्या भागांत बाजरीचें पीकही हातीं लागेल कीं नाहीं याची भ्रांति असे, तेथें ऊस उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें व धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनानें १९५० च्या सुमारास लोणीजवळ शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि त्यानें साऱ्या देशास एक नवा मार्ग दाखविला. त्या साखरेच्या गोडीचा उगम कोठें आहे हें विचारीत गेल्यास आपण पुन्हां कळसूबाईच्या पायथ्याशींच येतों.

पुढें पाण्याबरोबर वीजही आली. २००८ सालीं घाटघर येथें २५० मेगॅवॉटचें वीजकेंद्र सुरू झालें. त्याची रचना मोठी चमत्कारिक आहे. कड्याच्या माथ्यावर एक जलाशय व चारशे मीटरांहून खालीं, ठाणें जिल्ह्यांत, दुसरा. ज्या वेळीं शहरांत विजेची मागणी फार असते, त्या वेळीं वरचें पाणी खालीं सोडून वीज करतात. मध्यरात्रीं शहर निजलें, विजेची मागणी उतरली, म्हणजे तेंच पाणी पंपांनीं पुन्हां वर चढवितात. एकच पाणी रोज चढतें व उतरतें.

खालच्या लोकांचेंही दुःख लहान नव्हतें हें सांगितलें पाहिजे. अकोले, संगमनेर, राहाता व सिन्नर या भागांतील कित्येक गांवें कालव्यांच्या पल्ल्याबाहेर राहिलीं होतीं. त्यांच्यासाठीं प्रवरेवरच निळवंडे धरणाची योजना १९७० सालीं मंजूर झाली; तिच्या डाव्या कालव्यांतून प्रत्यक्ष पाणी वाहिलें तें २०२३ सालीं. ज्यांनीं तरुणपणीं योजनेची वार्ता ऐकली, त्यांपैकीं कित्येकांच्या नातवंडांनीं तें पाणी पाहिलें.

आतां पायथ्याकडे पाहा. भंडारदऱ्याचा तलाव जेथें आहे, तेथें पूर्वीं खोऱ्याचा तळ होता, म्हणजे डोंगरांतील सर्वांत सपाट व कसदार भातजमीन होती. ती पाण्याखालीं गेली. लोक वर सरकले, उताराच्या बरड जमिनींवर आले. तलाव पायाशीं, वस्त्या वर. पाणी दिसतें, परंतु तें उपसून आणावयाचें तर यंत्र व पैसा हवा. वरचा खडक कठीण, मातीचा थर पातळ. त्यामुळें चार महिने धो धो कोसळलेला पाऊस भुईंत मुरण्याऐवजीं वाहून जातो. फाल्गुन उलटला कीं झरे आटतात, विहिरी तळ गांठतात. महाराष्ट्रांतील अति पाऊस जेथें पडतो, तेथेंच वैशाखांत बायकांस हंड्यांची उतरंड डोक्यावर घेऊन दूरच्या झऱ्यापर्यंत पायपीट करावी लागते, ही गोष्ट ज्यानें प्रत्यक्ष पाहिली नाहीं त्यास खरी वाटणार नाहीं. आम्हीं ती पाहिली आहे. तलावाच्या निळ्या पाण्यावर सकाळचें ऊन चमकत होतें आणि वरच्या वाटेनें रिकाम्या हंड्यांची रांग चालली होती.

यांत खालच्या शेतकऱ्याचा दोष नाहीं. त्याची तहानही खरीच आहे. दोष आहे तो हिशेबाचा. पाणी किती अडविलें, किती सोडलें, किती एकर भिजलें, याचा चोख हिशेब लिहिला जातो. ज्या डोंगरानें तें दिलें, त्याच्या वांट्यास काय आलें, याचें पान मात्र बहुधा कोरें राहतें.

डोंगरची माणसें

बारी, वारंघुशी, पेंडशेत, उडदावणे, पांजरे, मुतखेल, साम्रद, घाटघर, रतनवाडी, अशीं या परिसरांतील गांवें. येथील बहुसंख्य वस्ती महादेव कोळ्यांची, त्यांच्या जोडीस ठाकर. कोळी म्हटलें कीं शहरांतील मनुष्यास समुद्र व मासळी आठवते. परंतु महादेव कोळी हे डोंगरांतील शेतकरी आहेत. शिवकालापासून सह्याद्रींतील गडांच्या राखणींत व घाटवाटांच्या पहाऱ्यांत त्यांचा मोठा वांटा होता. ठाकरांचा कांबडनाच प्रसिद्ध आहे.

इंग्रजी राज्य आल्यावर गडांवरील नोकऱ्या गेल्या, वतनें आटलीं, आणि सारा रोकड भरावा लागल्यानें सावकाराचें दार धरावें लागलें. कर्ज फिटेना, जमिनी जाऊं लागल्या. याच अकोले तालुक्यांतील देवगांवच्या राघोजी भांगरे यानें १८४४-४५ च्या सुमारास बंड उभारलें. त्याचा रोख जितका सरकारवर होता तितकाच सावकारांच्या वह्यांवर होता, हें विसरतां कामा नये. ज्या वह्यांत आंकडा कसा वाढतो हें कुळास कधींच कळत नसे, त्या वह्या हेंच त्या लोकांचें बंदिखानें होतें. पुढें पंढरपुरास तो पकडला गेला, आणि २ मे १८४८ रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत त्यास फांसावर चढविण्यांत आलें. १८५७ च्या नऊ वर्षें आधींची ही गोष्ट आहे. वह्या लिहिणारांत आपल्यासारख्या पांढरपेशांचे पूर्वजही असतील, हें सत्य स्वीकारण्यांत कमीपणा नाहीं.

येथील शेतीचें मुख्य पीक भात. उन्हाळ्यांत रोपांच्या जागेवर पालापाचोळा, शेण व गवत पसरून जाळतात. यास राब म्हणतात. मृगाच्या सुमारास बीं टाकतात, आणि पाऊस लागून राहिला कीं गुडघाभर चिखलांत आवणी होते. त्या दिवसांत घरांत धडधाकट असें कोणीही बसून राहत नाहीं. उतारावर नाचणी, वरई व खुरासणी पिकते. घरांच्या भिंती कारवीच्या कुडाच्या. ही कारवी दर सात वर्षांनीं फुलते. त्या वर्षीं सारे उतार जांभळे होतात, आणि मग फुलून गेलेली झुडपें वाळून जातात.

या रानांतील एक वस्तु मात्र आमच्या प्रत्येक वाचकभगिनीच्या घरीं गेलेली असेल. ती म्हणजे हिरडा. तान्ह्या मुलाच्या बाळगुटींत सहाणेवर उगाळला जाणारा हिरडा अशाच डोंगरांतून येतो. कोवळीं फळें उन्हाळ्यांत झाडावरून उतरवावयाचीं, वाळवावयाचीं, आणि पाठीवरून बाजारांत न्यावयाचीं, हें काम या लोकांचें. त्यांना त्याचा जो भाव मिळतो आणि शहरच्या काष्ठौषधींच्या दुकानांत आपण जो देतों, त्यांतील अंतर एखाद्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यानें अवश्य मोजावें.

भात निघाला कीं पाणी सरतें, आणि पाण्यापाठोपाठ काम सरतें. मग कुटुंबेंच्या कुटुंबें घरास कडी घालून खालीं उतरतात. कोणी नारायणगांवच्या बाजारांत मजुरीसाठीं उभीं राहतात, कोणी द्राक्षांच्या व टोमॅटोच्या मळ्यांत राबतात. डोंगराचें पाणी ज्या वाटेनें गेलें, त्याच वाटेनें डोंगराचीं माणसेंही जातात. आणि मुलांची शाळा मध्येंच सुटते.

परंतु या लोकांपाशीं केवळ दैन्यच आहे, असें कोणी समजूं नये. याच तालुक्यांतील कोंभाळणे गांवच्या राहीबाई पोपेरे या महादेव कोळी समाजांतील बाईंनीं शाळेचें तोंड पाहिलें नाहीं; परंतु घरोघरचीं जुनीं, लोपत चाललेलीं बियाणीं त्यांनीं वेंचून, जतन करून, गांवोगांवच्या बायकांस वांटलीं. भाताच्या, वालांच्या, भाजीपाल्याच्या कित्येक देशी जाति त्यांच्या मातीच्या घरांत सुरक्षित राहिल्या. सरकारनें २०२० सालीं त्यांस पद्मश्री दिली. लोक त्यांस 'बीजमाता' म्हणतात. धान्याच्या कणगींतून पुढच्या वर्षासाठीं मूठभर बीं बाजूस काढून ठेवावें, हें आपल्या आज्यांनाही ठाऊक होतें. आपण तें विसरलों. या डोंगरांत तें जिवंत राहिलें.

काजवे आणि पाहुणे

अलीकडे या भागास पाहुणे फार. १९८६ सालीं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालें. शेकरू, बिबट्या व नाना पक्षी यांस त्यामुळें आसरा मिळाला. रस्ते सुधारले, मुंबई-पुण्याचें अंतर जणूं घटलें. सुटीच्या दिवशीं बारीच्या वाटेवर इतकी रीघ लागते कीं शिड्यांपाशीं तिष्ठत उभें राहावें लागतें. त्यांतून गांवांत चार पैसे येतात, जेवणाखाणाचा व वाटाड्याचा व्यवसाय चालतो, हें चांगलेंच आहे. जो तरुण नारायणगांवास मजुरीस गेला असता, तो आतां कांहीं महिने तरी आपल्या घरीं राहतो.

परंतु पाहुण्यांच्या गडबडींत यजमानाची अट मोडूं नये, हेंच तर कळसूची कथा सांगते. मेच्या अखेरीस व जूनच्या आरंभीं, पाऊस उंबरठ्यावर आला असतां, भंडारदऱ्याच्या परिसरांतील हिरडा, बेहडा, सादडा व जांभूळ या झाडांवर असंख्य काजवे चमकूं लागतात. एका झाडावरील हजारों दिवे एकाच लयींत उजळतात व विझतात; पाहणाराचें भान हरपतें. हा त्यांचा खेळ नव्हे. नर काजव्यानें मादीस घातलेली ती साद आहे. अंधार हेंच त्यांच्या संसाराचें साधन. त्या अंधारांत मोटारीचे दिवे पडले, विजेऱ्या व छायाचित्रांचे झोत पडले, तर सादेस उत्तर मिळत नाहीं. गवतांत बसलेल्या माद्या व त्यांचीं अंडीं पायांखालीं चिरडतात. वनखातें त्या दिवसांत निर्बंध जाहीर करतें, तरी सुशिक्षित म्हणविणारी माणसेंच ते मोडतांना दिसतात. शिखराच्या वाटेवरचे प्लास्टिकचे ढीगही खालच्या कोळ्यांनीं नेऊन टाकलेले नाहींत. केर काढावयास सांगूं नका, असें म्हणणाऱ्या देवीच्या अंगणांत आपण केर टाकून येतों.

काय करावें?

मोठ्या गोष्टी सरकारनें व संस्थांनीं कराव्या. वरच्या वस्त्यांसाठीं झरे बांधून काढणें, उतारांवर बांध घालून पाणी मुरविणें, धरणाच्या पाण्यांतील कांहीं निश्चित वांटा वरच्या गांवांसाठीं राखून ठेवणें व तो उपसण्याची वीज पुरविणें, हिरड्यास रास्त भाव देणें, या गोष्टी अशक्य कोटींतील नाहींत. जे लोक रात्रीच्या रात्रीं एक जलाशयच्या जलाशय चारशे मीटर वर चढवूं शकतात, त्यांस एखाद्या वाडीपर्यंत पिण्याचें पाणी चढवितां येऊं नये, हें आम्हांस पटत नाहीं.

वाचकांनीं करण्याजोग्या गोष्टी लहान आहेत. मुलांस घेऊन एकदां कळसूबाईस अवश्य जावें. शक्यतों गर्दीचा दिवस टाळावा. वाटाड्या गांवचाच घ्यावा, त्याच्याशीं घासाघीस करूं नये. जेवण गांवांतील घरीं घ्यावें. नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी व नव्या तांदळाचा भात यांची रुचि शहरांत मिळणार नाहीं. पाण्याचा तांब्या पुढें आला, तर तो किती लांबून आला असेल याचा विचार करून पाणी वापरावें. परततांना त्यांच्याकडून तांदूळ किंवा हिरडा विकत घ्यावा व आपला केर आपल्या पिशवींतून परत आणावा. काजवे पाहावयाचे असतील, तर दिवा मालवून, दूर उभें राहून पाहावे.

आणि माथ्यावर पोंचल्यावर मुलांस केवळ उंचीचा आंकडा सांगून थांबूं नये. देवीस नमस्कार करून झाल्यावर त्यांना देवळाच्या कडेला उभें करावें, आणि खालीं बोट दाखवून सांगावें : ती बारी, तें पेंडशेत, तो भंडारदऱ्याचा तलाव, आणि त्या वरच्या उतारावर जीं कौलारू घरें दिसतात ना, तेथें आतां उन्हाळ्यांत पाणी नाहीं.